कुत्रा, मांजर आणि टिकटिकी

माझ्या नवऱ्याने माझा कुत्रा मला न विचारता त्याच्या साहेबाला देऊन टाकला, तेव्हा मी शाळेत चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, आम्ही धानोऱ्याला होतो तेव्हाची. आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत, एका घरात राहतो, एका ताटलीतले फुटाणे खातो. तरी ती दुपार आठवली की माझं डोकं तापतं. एका कुत्र्यासाठी एवढं, असं माझी बहीणसुद्धा म्हणते. हो, एका कुत्र्यासाठी एवढं.

माझं माहेर वरोऱ्याचं. नवरा एका कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. धानोऱ्याला आम्हाला दोन खोल्या होत्या, पुढे ओसरी आणि मागे कुंपण घातलेलं अंगण. कुत्रा मला शाळेच्या मागे सापडला होता, काळा, छातीवर पांढरा ठिपका, तेव्हा माझ्या ओंजळीत मावेल एवढा. मांजर वर्षभराने आली, करड्या पट्ट्यांची, कौलांवरून स्वतःच उतरली आणि राहिली. तोवर कुत्रा चांगला थोराड झाला होता. मांजर दिसली की तो तिच्या अंगावर धावायचा, भांडी पडायची, दुधाचं पातेलं उपडं व्हायचं. मग नवरा पायातली चप्पल काढून त्याला बडवायचा.

याचा उपयोग काही झाला नाही. उलट कुत्रा मांजरीवर आणखीच चिडायला लागला. मांजर महिनाभर कपाटावर राहिली. तिथेच खायची आणि तिथेच, नवऱ्याच्या कचेरीच्या कागदांवर, घाण करायची. शेवटी नवरा म्हणाला, दोघांपैकी एकाला काढ, नाहीतर मीच मांजर पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येतो.

त्या वर्षी शेजारच्या घरात पुण्याहून आलेली एक मुलगी भाड्याने राहत होती. ती रानकुत्र्यांचा अभ्यास करायची. पहाटे जंगलात जायची आणि दुपारी परत येऊन वह्यांमध्ये काहीबाही लिहीत बसायची. तिने एकदा कुंपणापलीकडून ती मारहाण पाहिली. नवरा आत गेल्यावर ती माझ्याकडे आली.

"ताई," ती म्हणाली, "त्याला यातून काय कळतंय, सांगू? मांजर दिसली की आपल्याला मार बसतो, एवढंच. मग त्याला मांजर आवडेल कशी?"

मी तोवर बारा वर्षं शिकवत होते आणि वर्गात माझ्या हातात कायम लाकडी पट्टी असायची. तिने मला काहीच म्हटलं नव्हतं, तरी ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी पट्टी टेबलाच्या खणात ठेवली.

त्या मुलीने पिशवीतून प्लॅस्टिकची एक छोटी डबी काढली. आत पत्र्याची पट्टी होती. अंगठ्याने दाबली की टिक् असा आवाज व्हायचा. तिने सांगितलं ते सोपं होतं. टिक् केलं की लगेच तोंडात घास द्यायचा, दरवेळी, न चुकता. वीसतीस वेळा असं केलं की जनावराला कळतं, हा आवाज म्हणजे खाऊ येणार. मग ते आपल्याला हवं तसं वागलं की नेमक्या त्याच क्षणी टिक् करायचं. नंतर नाही, त्याच क्षणी. आवाज करून घास दिला नाही तर तो खोटेपणा होतो, असं ती म्हणाली, आणि एकदा खोटं ठरलेल्या आवाजावर जनावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

मी आधी दोघांना वेगवेगळं शिकवलं. कुत्र्याला अंगणात पोत्यावर बसायला, मांजरीला स्वयंपाकघरात स्टुलावर चढायला. कुत्र्यासाठी उकडलेल्या अंड्याचे तुकडे, मांजरीसाठी वाळवलेले झिंगे. मांजर शिकणार नाही असंच मला वाटलं होतं. ती कुत्र्याच्या आधी शिकली. फक्त माझा हात जरा उशिरा गेला की ती शेपूट उभारून निघून जायची, आणि मग त्या दिवसापुरती शिकवणी बंद. कुत्रा माझ्या चुका पोटात घालायचा, मांजर नाही. तिच्यामुळे माझा हात सुधारला.

मग दोघांना एकत्र आणलं. कुत्रा पोत्यावर, दोरी माझ्या पायाखाली, मांजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर. कुत्रा तिच्याकडे टक लावून बघायचा. मी वाट बघायची. कधीतरी, अगदी क्षणभर, तो नजर वळवून माझ्याकडे बघायचा. टिक्. अंडं. पहिल्या दिवशी हे तीनदा झालं. आठवड्याने तो मांजर दिसली की आपण होऊन माझ्याकडे वळायला लागला. मी स्टूल रोज वीतभर पुढे सरकवत होते. आवाज एकच आणि जनावरं दोन, म्हणून ज्याच्याकडे माझं तोंड त्याचा तो आवाज, हे त्यांनी आपसात ठरवल्यासारखं समजून घेतलं. दुसरा गप्प बसला म्हणून त्यालाही मी एक तुकडा द्यायचे, त्यामुळे भांडण नव्हतं.

पावसाळ्याआधी ती मुलगी पुण्याला परत गेली आणि डबी तिच्याबरोबर गेली. मग मी बाजारात पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडे गेले. ते चाळण्या, नरसाळी, कंदील बनवायचे. मी अंगठा दाबून दाखवला, तोंडाने आवाज काढून दाखवला. त्यांनी बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून दोनदा करून बघितलं. पहिला आवाज बसका आला, दुसरा कर्कश. तिसरा जमला. हे कुणासाठी, असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर त्यांनी हसून तशाच दोन करून दिल्या, एक हरवली तर असावी म्हणून. आम्ही तिला टिकटिकी म्हणायचो. एक दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असायची, दुसरी माझ्या शाळेच्या पिशवीत.

दिवाळीपर्यंत कुत्रा आणि मांजर ओसरीवर एकाच पोत्यावर झोपायला लागले. मांजर त्याच्या पोटाला पाठ लावून झोपायची. शेजारपाजारचे बघायला यायचे. आणि मी दाखवायचे. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढच्या सगळ्याचा दोष मी दुसऱ्यांवर टाकणार आहे आणि त्यातला थोडा माझाही आहे. मला मोठेपणा वाटायचा. मी कुत्र्याला पोटावर बसवायचे, त्याच्या पंजापुढे टोस्ट ठेवायचे आणि मांजरीला त्याच्यासमोरून चालत न्यायचे. तो हलायचा नाही. लोक टाळ्या वाजवायचे.

एका रविवारी नवऱ्याने साहेबाला चहाला आणलं. नवऱ्याचा बदलीचा अर्ज साहेबाकडे होता. त्याला आपल्या आईवडिलांच्या जवळपास जायचं होतं आणि साहेबाच्या शिफारशीवाचून ते होणार नव्हतं. मी टोस्ट ठेवला, मांजरीला नेलं, टिक् केलं. साहेब खूश झाला. त्याने टिकटिकी हातात घेऊन तीनचारदा वाजवली. कुत्रा उठून त्याच्याकडे गेला आणि तोंडाकडे बघत उभा राहिला. साहेबाच्या हातात काही नव्हतं. मी घाईघाईने अंड्याचा तुकडा टाकला. तेव्हाच मला कसंतरी झालं होतं, पण पाहुण्याला काय बोलणार.

आठ दिवसांनी मी शाळेतून आले तर ओसरी रिकामी. मांजर कपाटावर. नवरा आत चहा करत होता. तो स्वतः चहा करत होता म्हणजे काहीतरी झालं होतं.

"साहेबाले लय आवडला," तो म्हणाला. "बंगल्यावर मोठं आवार हाये. मटण खाईन रोज. तू काऊन तोंड पाडून राह्यली?"

मी दाराकडे बघितलं. खिळाही रिकामा होता.

"टिकटिकी कुठे आहे?"

"ती पण देल्ली. तिच्याबिगर तो ऐकन कसा?"

कुत्रा दिला हे एक. पण ती टिकटिकी दिल्याचं ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा भडका उडाला. तो आवाज मी सात महिने सांभाळला होता. सात महिन्यांत एकदाही तो खोटा पडू दिला नव्हता. ताप असताना, अंडी संपलेली असताना मी टिकटिकीला हात लावला नव्हता. माझ्या नवऱ्याला ते खेळणं वाटलं. मी त्याला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तो एवढंच म्हणत राहिला की साधा गावठी कुत्रा आहे, दुसरा आणून देतो, आणि मी साहेबापुढे त्याची नाचक्की करू नये.

आणि मी केली नाही. पहिले पंधरा दिवस मी गप्प राहिले. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

एकदाच बंगल्यावर गेले, साहेबाला नीट समजावून सांगायला. तो आवारात खुर्ची टाकून बसला होता, कुत्रा लोखंडी साखळीने पेरूच्या झाडाला बांधलेला. मला बघून त्याने साखळीला ओढ दिली. मी साहेबाला सांगितलं की एक आवाज म्हणजे एक घास, असा हिशेब चुकला तर सगळं बिघडेल. साहेब हसला. म्हणजे आम्ही आता कुत्र्यालाही लाच द्यायची का, असं म्हणाला. शेजारी बसलेले दोघंतिघं त्याच्यापेक्षा मोठ्याने हसले. मी नमस्कार करून परत आले. कुत्र्याकडे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर निघता आलं नसतं.

बंगल्यावर स्वयंपाकाला एक वयस्क माणूस होता, आतल्या जंगलातल्या गावचा. गोंडी बोलणारा, मराठी जपून बोलणारा. आठवडी बाजाराच्या दिवशी तो शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं कुणाच्या नातवाची चौकशी असेल. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"बाई, तुमचा कुत्रा खात नाई," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. बंगल्यावर पाहुणे आले की टिकटिकी सगळ्यांच्या हातून फिरते. टिक् टिक् टिक्, कुत्रा इकडे धावतो, तिकडे धावतो, कुणीच काही देत नाही, सगळे हसतात. मग त्याने एकदा ताटातलं मटण ओढलं. तेव्हा साहेबाने काठी घेतली. त्यानंतर तो बोलावल्यावर येईना, म्हणून साहेब टिकटिकी वाजवून बोलवायला लागला. तो आवाजावर मात्र यायचा. आला की मार.

"आवाज करते अन् मारते, बाई. तरी तो येते. मले पाहवत नाई."

हे वाक्य ऐकून मी फाटकाचा गज धरला. तरी तो येते. का येणार नाही? तो आवाज मी शिकवला होता. जगात एकच गोष्ट कधी खोटी बोलत नाही, असं मीच त्याला शिकवलं होतं, आणि ते त्याच्या जिवावर उठलं होतं.

मधली सुट्टी होती. मी मुख्याध्यापकांना अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि चालत बंगल्यावर गेले. साहेब कचेरीत होता. स्वयंपाकी माझ्या मागे मागे आला, पण मी त्याला सांगितलं, भाऊ, तुम्ही साखळीला हात लावू नका, तुम्हाला इथे नोकरी करायची आहे. जे करायचं ते मीच करते.

कुत्रा पेरूखाली पडला होता. पाठीचा कणा दिसत होता, मागच्या पायावर सुजलेली जखम. मला बघून त्याने शेपूट हलवली, पण उठला नाही. मी जवळ बसले. आणि त्या क्षणी मी एक मूर्खपणा केला. त्याला वाटावं की आता सगळं पहिल्यासारखं झालं, म्हणून मी पिशवीतली दुसरी टिकटिकी काढली आणि हातात पोळीचा तुकडा धरून एकदा वाजवली.

तो जमिनीला चिकटला. कान मागे, डोळे मिटलेले. आणि तिथेच त्याची लघवी झाली. मग तो तसाच, पोटावर सरपटत, माझ्याकडे यायला लागला. मार खायला यायला लागला.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींवर रडले आहे. त्या दिवशी रडू आलं नाही. मला त्या साहेबाला त्याच काठीने मारायचं होतं, आणि माझ्या नवऱ्यालाही. काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली होती. मी ती गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. मोडली नाही, म्हणून विहिरीत टाकली. साखळी सोडली. कुत्र्याला उचलून घेतलं आणि बाजारातून, सगळ्यांच्या देखत, घरी आणलं.

संध्याकाळी नवरा आला आणि कुत्र्याला बघून भिंतीला टेकून बसला. आता काय होईल, हेच तो म्हणत होता. मी त्याला सांगितलं की उद्या मीच कचेरीत येऊन सांगते. त्याने हात जोडले. मी गेलेच.

कचेरीत साहेबाच्या टेबलासमोर उभी राहून मी म्हणाले की कुत्रा मी नेला आहे आणि परत आणणार नाही. नवरा बाजूला फाईल घेऊन उभा होता. साहेब म्हणाला की तुमच्या मिस्टरांनीच दिला होता.

"तो त्यांचा नव्हता," मी म्हणाले. "द्यायला तो त्यांचा नव्हता."

मी रात्रभर मनात जुळवणी करून आले होते. अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण साहेबाने कागदावरून मान वर न करता सांगितलं की घेऊन जा, तसाही तो बिघडलेलाच आहे, आम्हाला त्याचा कंटाळा आला होता. मग त्याने नवऱ्याकडून फाईल मागितली. झालं. त्याला भांडायचंसुद्धा नव्हतं. एका मुक्या जिवाचं त्याने वाटोळं केलं होतं आणि त्याबद्दल दोन मिनिटं रागवावं एवढीही कुत्र्याची किंमत त्याच्या लेखी नव्हती.

घरात आता नवीन संकट होतं. मांजरीसाठी टिकटिकी म्हणजे अजून झिंगेच होते. ती स्टुलावर बसून माझ्या पिशवीकडे बघून ओरडायची. आणि कुत्र्यासाठी तो आवाज म्हणजे काठी. एकदा तो मागे अंगणात आहे असं समजून मी मांजरीसाठी एकदाच टिक् केलं. तो दारातच होता. मांजर आनंदाने स्टुलावरून उडी मारून माझ्याकडे आली आणि भेदरलेल्या कुत्र्याने तिचा पाय पकडला. मी मध्ये हात घातला. मांजर लंगडली, माझ्या मनगटावर चार दात उमटले. त्याने लगेच सोडलं आणि खाटेखाली जाऊन थरथरत बसला.

नवरा चप्पल काढायला वाकला होता. माझ्याकडे बघून तो तसाच थांबला आणि चप्पल परत पायात घातली.

त्या दिवसापासून मी घरात टिकटिकी वाजवली नाही. मांजरीसाठी चमचा वाटीवर एकदा टेकवायचे, ते तिला दोन दिवसांत कळलं. कुत्र्यासाठी मी आवाज वापरलाच नाही. तळहात उघडून त्याला दाखवायचे, मग घास. त्याला आधी हात वर आला की मार वाटायचा, म्हणून सुरुवातीला हात मांडीवर ठेवूनच नुसती बोटं उघडायचे. बोटं, घास. बोटं, घास. सात महिन्यांचं काम दुसऱ्यांदा करायला मला दीड वर्ष लागलं, आणि तरी ते पहिल्यासारखं झालं नाही. तो मांजरीच्या शेजारी बसायला लागला, पण मध्ये हातभर अंतर ठेवून. बुटांचा आवाज आला की खाटेखाली जायचा.

नवऱ्याची बदली पुढच्या वर्षी झाली, नागभीडला, सगळ्यांच्या नेहमीच्या यादीत. साहेबाने शिफारस लिहिलीच नव्हती, हे नंतर कळलं. म्हणजे कुत्रा कशासाठीच दिला गेला नव्हता.

नागभीडला नवरा बदलला, हे मला मान्य करायला हवं. तिथे तो रोज सकाळी अंगणात मांडी घालून बसायचा आणि बोटं उघडून दाखवायचा. कुत्रा चार महिने त्याच्याजवळ गेला नाही. नवरा चार महिने बसला. मग एका सकाळी कुत्र्याने त्याच्या हातून पोळी घेतली आणि नवरा आत येऊन माझ्यासमोर उभा राहिला, डोळे भरलेले.

"घेतली त्यानं," तो म्हणाला. "तुहा राग अजून गेला नाई का?"

"नाही," मी म्हणाले.

तो मान हलवून पुन्हा अंगणात गेला. कुत्र्याने त्याला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. कुत्रे माफ करतात असं म्हणणारी माणसं बहुधा मारणारीच असतात. कुत्र्याला भूक होती, आणि समोरचा हात चार महिने उगारला गेला नव्हता, एवढंच मला दिसलं. त्यानंतर तो पाच वर्षं जगला. मांजर त्याच्यानंतर दोन वर्षं.

आता गल्लीतले लोक आपली कुत्री माझ्याकडे आणतात. मी आधी माणसाला पोत्यावर बसवते आणि विचारते की घरात कोण मारतं. पुष्कळ जण हसून म्हणतात, थोडं तर मारावंच लागते, बाई. त्यांना मी चहा विचारत नाही. कुत्रा घेऊन घरी जा आणि मारणं बंद झालं की या, असं सांगते. नवरा त्या वेळी आतल्या खोलीत असतो. त्याला सगळं ऐकू येतं, आणि त्याला ऐकू यावं म्हणूनच मी जरा मोठ्याने बोलते.